मनीऑर्डरचं दुसरं टोक: घरातल्या-वाडीतल्या बायकांच्या आठवणी रेकॉर्ड कशा करायच्या

आमच्या दापोलीकडे कुठल्याही घरात जा आणि ऐंशी ओलांडलेल्या बाईला म्हणा, आजी, तुमच्या आठवणी सांगा ना, रेकॉर्ड करायच्यात. उत्तर ठरलेलं. "माझ्या कसल्या गो आठवणी, आमी काय केलंय." आणि बोट ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे, त्यांना विचार, ते मुंबईला होते. मालवणात गेलात तर "माका काय इचारतंस, हेंका इचार" असं येईल, एवढाच फरक.

मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा खरंच आजोबांना विचारायला बसले. दीड तास गिरणी. साचे खातं, पाळ्या, लालबागची खोली, एका खोलीत वीस माणसं, खानावळ, भजन, सगळं झालं, मग मी विचारलं गावी किती पाठवायचात. "तीस रुपये धाडायचो महिन्याला." आणि माजघरातून आवाज आला, "तीस नाय, पंचवीस." आजोबा जरा थांबले, म्हणाले हां, पंचवीस, आणि विषय बदलला. त्या दीड तासाच्या फाइलमध्ये आजीचे तेवढेच तीन शब्द आहेत.

नंतर मला कळलं की चूक माझी होती, मी चुकीच्या माणसासमोर फोन ठेवला होता. मुंबईच्या टोकाचं बरंच लिहून झालंय. गिरणगावाचा मौखिक इतिहास नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी केला, तो २००४ मध्ये पुस्तक म्हणून आला, त्यात बायकांचे आवाजही आहेत. पण मनीऑर्डर जिथे पोचायची त्या टोकाला जी बाई होती, जी नांगराला माणूस शोधायची, सासऱ्याचं दुखणं काढायची, मुलांच्या फिया भरायची, खोताकडे जाऊन उभी राहायची, तिचं काम कुणी काम म्हणून मोजलंच नाही, तिने स्वतःनेपण नाही. म्हणून हे लिहितेय. मी कुठल्या कॉलेजात हा विषय शिकवत नाही, गेली काही वर्षं हौशीने करतेय, चुका भरपूर करून झाल्यात, त्या तुम्ही करू नका.

आधी एक सांगते, हे काही मी शोधलेलं नाही. मराठीत याची चांगली परंपरा आहे. उर्मिला पवार आपल्या रत्नागिरीकडच्याच, त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधत गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरून मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. त्या नावातला 'ही' बघा, सगळं त्यात आलं. चळवळीचा इतिहास म्हणून जे लिहिलं गेलं होतं त्यात या बायका जवळपास नव्हत्याच, आणि त्या तर सभेला गेल्या होत्या, सत्याग्रहात होत्या, पोरं कडेवर घेऊन होत्या. ज्या त्या वेळी हयात होत्या त्यांच्याकडून ते नोंदलं गेलं म्हणून आज आपल्याला माहितीय. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजारभर गावांतून एक लाखाच्या वर, त्या आता 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात. मुंबईत 'स्पॅरो' म्हणून संस्था आहे, १९८८ पासून फक्त बायकांच्या मुलाखती, फोटो, कागद जपण्याचं काम करते. आणि त्याच्याही आधीचं बघायचं तर देवरुखच्या बायांनी स्वतःच लिहून ठेवलंय, पार्वतीबाई आठवल्यांनी १९२८ मध्ये, त्यांची बहीण आनंदीबाई कर्वे यांनी १९४४ मध्ये. पण त्या लिहू शकत होत्या. ज्यांना अंगठा उठवायला लागायचा त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तिथेच रेकॉर्डिंग कामाला येतं.

कुणाकडे जायचं

सुरुवात घरातनं करा, आजी, चुलत आजी, आत्या, मावशी. ओळख असते, चहा मिळतो, चुकलात तरी रागवून झाल्यावर परत बोलवतात. पण घरातच थांबू नका, कारण मग तुमच्याकडे एकाच वाडीचा, एकाच जातीचा इतिहास जमा होतो आणि तुम्ही त्याला गावाचा इतिहास म्हणायला लागता. कोकणातलं गाव म्हणजे वाड्या, ब्राह्मणआळी वेगळी, कुणबीवाडी वेगळी, भंडारवाडा, कोळीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला. एकाच विहिरीबद्दल या सगळ्या ठिकाणच्या बायकांना विचारून बघा. एकीला आठवतं की त्या विहिरीवर संध्याकाळी कशा गप्पा रंगायच्या आणि दुसरीला आठवतं की कुणीतरी वरून ओतेपर्यंत हंडा घेऊन किती वेळ उभं राहावं लागायचं. विहीर तीच.

शर्मिला रेगे पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास शिकवायच्या, त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर जे काम केलं, २००६ चं त्यांचं पुस्तक आहे, त्यातून मी एक गोष्ट घेतली. या बायका जे सांगतात ते नुसतं 'अनुभव' म्हणून बाजूला काढायचं नसतं, म्हणजे बाई रडली, आपण हळहळलो, संपलं, असं नाही. समाज कसा चालतो याची समज त्या बोलण्यात असते, ते ज्ञान म्हणून ऐकायचं. प्रत्यक्षात याचा अर्थ सोपा आहे, "तेव्हा काय झालं" इतकं विचारून सोडू नका, "तुम्हाला काय वाटतं, असं का होतं" हेही विचारा. उत्तर ऐकून मी तरी बऱ्याचदा गप्प झालेय.

आणि स्वतःचं नाव-आडनाव सांगताच समोरची बाई तुमची जात ओळखते हे धरूनच चाला. कोकणात तर पहिला प्रश्नच "कुणाची गो तू, खालच्या आळीतली काय?" त्यावर तिचं बोलणं बदलतं. ते टाळता येत नाही, पण नोंदवहीत लिहून ठेवता येतं की कोण विचारायला गेलं होतं, कुठे बसायला दिलं, चहा दिला की विचारून दिला. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ते लागेल.

कधी जायचं

मे महिन्यात अजिबात नको. चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं, आंबा, फणस, लग्नं, बाईला बसायला सवड नसते आणि ज्या नातवंडांसमोर तिचं मोठेपण टिकवायचं असतं ती सगळी आजूबाजूला. गणपतीतही नाही, मात्र गौरीच्या दिवशी नुसतं जाऊन बसा, ओवसा, फुगड्या, गाणी, तेव्हा जी आजी एरवी गप्प ती कशी उजळते ते पाहून ठेवा, नंतर प्रश्न विचारायला उपयोगी पडतं. पावसात पत्र्यावर जो आवाज होतो त्यात माणसाचं बोलणं रेकॉर्ड होत नाही, कौलांवर जरा बरं. भातकापणी, झोडणी उरकली की नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा आपला सीझन. वेळ दुपारची, जेवणं होऊन भांडी झाली की दोन ते चार. चारला चहा आणि मग गोठा, मग सिरीयल, सिरीयलच्या वेळी गेलात तर काम झालंच म्हणून समजा.

कोळीणींचं गणित वेगळं. हर्णैसारख्या ठिकाणी लिलावाच्या वेळी तिच्याशी बोलायला जाणं म्हणजे तिचं नुकसान करणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा थोडी उसंत असते, पाऊस मात्र असतो, तर आतल्या खोलीत बसा आणि आवाजाचं काय ते सोसा.

आणि एका बैठकीत संपवायला जाऊ नका. पहिल्यांदा जाल तेव्हा फोन बाहेरच काढू नका, शेंगा सोला, पापड वाळत घाला, गप्पा मारा. दुसऱ्यांदा विचारा की पुढच्या वेळी रेकॉर्ड करू का. एक तास, फार तर दीड. म्हातारं माणूस दमतं, आणि आठवणी काढल्या की रात्री झोप लागत नाही हे मला एका काकीने स्वतः सांगितलंय.

यंत्र

यावर फार लिहीत नाही, लोक यंत्रावरच अडकतात. साधा स्मार्टफोन चालतो. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी गुड मॉर्निंग येतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही किंवा लॉसलेस असेल ते निवडा, एमपीथ्री ऐकायला पुरते पण मूळ प्रत म्हणून चांगली ठेवावी. डब्ल्यूएव्हीचं एक तासाचं मोनो रेकॉर्डिंग साधारण ३०० एमबी होतं, तर आधी जागा करा, माझा फोन अडतिसाव्या मिनिटाला भरला होता आणि मला एक तास झाल्यावर कळलं. त्या बावीस मिनिटांत काय होतं ते विचारू नका, मी परत विचारलं तर आजी म्हणाली सांगितलं की तुला. एक कॉलर माइक घ्या, तिच्या पदराला लावा, पदर सारखा हलतो तर खांद्यावर पिन असते तिथे. पंखा बंद, फ्रीज जवळ असेल तर खोली बदला, कावळ्यांचं काही करता येत नाही. सुरुवातीला दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून बघा. आणि ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे, तिथे आवाज दाबला जाऊ शकतो.

विचारायचं काय

इथे खरी मेख आहे. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असा प्रश्न विचारलात की बाई दोन वाक्यांत आयुष्य संपवते, लग्न झालं, इकडे आले, चार पोरं, झालं. कारण तिला 'आयुष्य' म्हणून वेगळं काही आहे असं कुणी कधी म्हटलेलं नाही. तर तिच्या हातातल्या वस्तूपासून सुरू करा. वायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, कांडायचात तेव्हा किती भात एका वेळी, जोडीला कोण, मुसळ कुणाचं जड. इरलं कशाचं, कोण विणायचं, ते घालून दिवसभर वाकून लावणी केली की रात्री पाठ कशी व्हायची. कवळ, म्हणजे राबासाठी झाडांच्या पाल्याच्या फांद्या, तोडायला कुठल्या जंगलात, पहाटे किती वाजता, वाटेत कोण भेटायचं. वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात गेलेली बाई असेल तर तिचे हात बघा आणि हातांबद्दलच विचारा, काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, ती काय लावायची, पगार दिवसावर की किलोवर, हाताची सालं गेल्यावर भाकरी कशी थापायची. हातांवरून पगार, पगारावरून मुकादम, मुकादमावरून सासू, असं बोलणं आपोआप जातं.

ओव्या पाहिजे असतील तर खुर्चीत बसवून मागू नका. "आठवत नाय" हेच मिळेल. अडगळीतलं जातं बाहेर काढा, पुसा, मूठभर तांदूळ घाला आणि खुंट्याला हात लावायला द्या. हाताला आठवतं ते तोंडाला नंतर आठवतं. आमच्याकडे तर दोघी जावा, ज्यांचं वीस वर्षं फारसं बोलणं नव्हतं, जात्याला समोरासमोर बसल्या आणि एकीने सुरू केलेली ओवी दुसरीने पुरी केली. मी श्वास रोखून बसले होते. (त्यानंतरही त्या बोलत नाहीत, ती वेगळी गोष्ट.)

कागद मागा. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कूपन असायचं, त्यावर पाठवणाऱ्याला चार ओळी लिहायला जागा, ते कूपन घेणाऱ्याकडे राहायचं, आणि पोचपावतीवर बाईची सही नाहीतर अंगठा होऊन ती परत मुंबईला जायची. म्हणजे नवऱ्याची चार वाक्यं गावात आणि बायकोचा अंगठा मुंबईत, इतकाच संसार महिनोन्महिने. ही कूपनं पुष्कळ घरांत अजून असतात, देवघराच्या खणात, पत्र्याच्या ट्रंकेत, साखरेच्या जुन्या डब्यात. ती हातात घेऊन विचारा, वाचून कोण दाखवायचं? पोस्टमन, मास्तर, की शाळेत जाणारं पोर? त्यांच्यासमोर वाचायचं म्हणजे काय काय लिहिता येत नव्हतं? उत्तर कोण लिहायचं, आणि तुम्हाला लिहायचं होतं पण सांगता आलं नाही असं काय होतं? माझ्या आजीचं अर्ध्याहून जास्त रेकॉर्डिंग या एका डब्यातून निघालंय. त्या पाच रुपयांचंही तिथेच कळलं. आजोबा तीसच काढायचे, पाच रुपये त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं ते मुंबईतच कापलं जायचं, हे आजोबांनी आजीला कधी सांगितलं नव्हतं आणि आजीला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

गिरणी कामगाराच्या घरात एक प्रश्न चुकवू नका, संपाच्या वर्षी काय झालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यातले किती तरी गावी परतले. मनीऑर्डर बंद आणि खाणारं तोंड एक वाढलं. पण त्याहून मोठी गोष्ट, ज्या घरात वीस वर्षं बाई निर्णय घेत होती तिथे एक माणूस येऊन ओटीवर बसला. त्याला काय वाटलं त्यावर कविता आहेत, नाटकं आहेत. तिला काय वाटलं हे विचारा आणि मग गप्प बसा.

गप्प बसणं हे वेगळं शिकावं लागतं. बाई थांबली की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, तो टाकायचा नाही. मनात दहा मोजा. बऱ्याचदा थांबल्यानंतर जे येतं तेच सांगायचं असतं. आणि ती "आम्ही" म्हणते तिकडे कान ठेवा, "आम्ही जमीन सोडवली", "आम्ही ठरवलं". मध्येच हळूच विचारायचं, तहसीलला कोण गेलं होतं? "मीच गेले, दुसरं होतं कोण." झालं, तिथून 'मी' सुरू होतो.

नवरा, मुलगा, सून मध्ये उत्तरं देतात, त्याला उपाय म्हणजे दोघांनी जायचं, एकाने आजोबांना परसात झाडं दाखवायला सांगायचं. हसू नका, यासारखा उपाय नाही. शेजारणी येऊन बसल्या तर मात्र उठवू नका, त्या एकमेकींना दुरुस्त करतात, भांडतात, त्यात सोनं असतं. फक्त सुरुवातीला प्रत्येकीला नाव सांगायला लावा, नाहीतर ऐकताना कोण कोण ते कळत नाही.

नाव म्हणजे माहेरचंही. लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं, तर "लहानपणी तुम्हाला काय हाक मारायचे" हा माझा पहिला प्रश्न असतो आणि कित्येकींच्या चेहऱ्यावर तिथेच काहीतरी होतं. मग माहेरची वाडी, आईचं नाव, आजीचं नाव. वंशावळीत बायका नसतात, तर तुम्ही आईकडून मागे जात एक वंशावळ लिहा, किती मागे जाता येतं बघा, आमची तिसऱ्या पिढीला थांबली. जमिनीचा विषय निघाला तर सातबारावर तुमचं नाव आहे का, बहिणींची नावं इतर हक्कात घातली का, हक्कसोड कधी लिहून दिली, तेव्हा कुणी काय सांगितलं. हे विचारताना भाऊ घरात नाही ना ते बघा.

ती तुम्हालाही विचारेल. लग्न झालं का, पोरं किती, पगार किती, एकटी राहतेस का. उत्तर द्या. अ‍ॅन ओक्ली नावाच्या इंग्लंडच्या बाईंनी १९८१ मध्ये हेच लिहिलं होतं, त्या बाळंतपणाबद्दल मुलाखती घ्यायच्या आणि बायका उलट त्यांनाच प्रश्न विचारायच्या, तेव्हाचे नियम म्हणायचे मुलाखत घेणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, त्यांनी दिली. आपल्याकडे तर उत्तर न देणं म्हणजे सरळ उद्धटपणा.

सालं आणि चुका

"कुठल्या साली?" हा प्रश्न बाद. तिची दिनदर्शिका पोरांवर चालते, थोरला पोटात होता, मधली रांगत होती. तर पोरांची जन्मसालं आधी घरातल्या कुणाकडून तरी लिहून घ्या. मग गावाला माहीत असलेल्या खुणा: रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चिपळूण-संगमेश्वरकडच्या बायकांना ती पहाट नक्की आठवते. संप १९८२. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या २६ जानेवारीला. फयान वादळ नोव्हेंबर २००९, निसर्ग वादळ ३ जून २०२०. तुमच्या गावाच्या खुणा वेगळ्या असतील, गुहागरकडच्या वेलदूरच्या बायकांना एन्रॉनच्या वीजप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनातला ३ जून १९९७ सांगावा लागत नाही, त्या दिवशी पहाटे पोलीस घरात शिरले होते.

आणि तरीही ती चुकेल. इटलीत तेर्नी गावात १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण कामगार मेला, आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी काही दशकांनी तिथल्या लोकांना विचारलं तर बरेच जण ठामपणे सांगत होते की तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून माणसं काढली त्या दंगलीत. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही, लोकांना तो मृत्यू तिथे का हवा होता हे विचारलं. तसंच करा. माझी एक मावशी ठासून सांगते की तिचं लग्न भूकंपाच्या वर्षीचं, कागदावर ते दोन वर्षं आधीचं आहे. मी ते दुरुस्त केलं नाही, नोंदीत दोन्ही लिहिलं. तिच्या लेखी घर हललं ते त्याच वर्षी हललं असेल.

परवानगी

सही घेण्यावर मी जोर देत नाही, सही म्हटली की कोकणातली बाई घाबरते, आणि बरोबर घाबरते, सह्या घेऊनच जमिनी गेल्यात. रेकॉर्डिंगवरच विचारा आणि उत्तर तिच्या आवाजात राहू द्या. हे कुणी कुणी ऐकलेलं चालेल, घरच्यांनी की परक्यांनीपण? नाव लावू की नको? आत्ता की तुम्ही गेल्यानंतर? आणि मध्ये कधीही "बंद कर" म्हणाल्या तर बंद, लगेच, तिच्या डोळ्यांसमोर. शेवटी परत एकदा विचारायचं, कारण बोलायच्या आधी तिला माहीत नसतं की ती काय बोलणार आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. मी एका काकीच्या बोलण्याचा दीड मिनिटाचा तुकडा, काजूच्या बागेचा होता, फार गोड बोलली होती, आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यात एक वाक्य होतं की ती बाग आधी कुणाची. दोन गणपती तिच्या दिराकडचं कुणी तिच्या घरी आरतीला आलं नाही. तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, फक्त त्यानंतर रेकॉर्डर बघितला की "आज नको, डोकं दुखतंय". सांगितलेली गोष्ट तिची असते, आणि तिला त्याच घरात, त्याच पाखाडीवर राहायचं असतं, तुम्ही एसटी धरून निघून जाता.

मार खाल्ल्याचं, पोर गेल्याचं, न बोलण्यासारखं काही निघालं तर खणत बसू नका. पाणी द्या. त्या दिवशी तिथेच थांबा आणि लगेच उठून जाऊ नका, शेवटची पंधरा मिनिटं भाजीचे भाव, सूनबाईचं कौतुक, काहीतरी हलकं बोलून मगच निघा. दुसऱ्या दिवशी फोन करा.

उतरवून काढणं

एका तासाच्या बोलण्याला सहा-सात तास लागतात, बोलीत असेल तर जास्त. जशी बोलली तशी लिहा. "मी गेलंय" ला "मी गेले" करू नका, मालवणी, संगमेश्वरी, कोळी, मोहल्ल्यातली कोकणी, प्रत्येकीची चाल वेगळी आहे आणि तुम्ही शुद्ध केलीत की बाई पाठ्यपुस्तकातली होते. फोनच्या व्हॉइस टायपिंगला प्रमाण मराठी बऱ्यापैकी जमतं, मालवणी झेपत नाही, तर हाताला पर्याय नाही. अनोळखी शब्दांची शेवटी यादी करा, तरवा, राब, रोवळी, आढी, पऱ्या, अर्थ तिच्याच शब्दांत. हसली तिथे हसली लिहा, गप्प झाली तिथे किती वेळ ते लिहा. सगळं उतरवायला वेळ नसेल तर निदान दर पाच मिनिटांनी काय विषय आहे त्याची एक ओळ लिहा, नुसत्या त्या यादीवरही पुढे कुणाला काम करता येतं.

फाइलला 'आजी फायनल २' असं नाव देऊ नका. तारीख, गाव, वाडी, नाव किंवा नाव नको असेल तर नंबर. सोबत एक साधा कागद: कोण बोललं, माहेर कुठलं, कुणी विचारलं, कुठे बसून, परवानगी काय दिलीय. मूळ फाइल कधी एडिट करायची नाही, कापाकापी कॉपीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर. गावाबाहेरचं म्हणते कारण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंतच्या घरांतले अल्बम, ट्रंका, हार्डडिस्का सगळ्याचा लगदा झाला. कूपनं, फोटो मिळाले तर तिथेच खिडकीपाशी उजेडात फोनने फोटो काढा आणि मूळ तिच्याकडेच ठेवा, "नेऊन आणून देते" म्हणणारे परत येत नाहीत हे तिला माहीत असतं. चांगला संग्रह जमला तर तालुक्याच्या जुन्या वाचनालयाला विचारा, एखाद्या विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राला विचारा, पण परवानगीचा कागद आधी पुढे करा आणि ते त्या अटी पाळतील का ते लेखी घ्या.

आणि परत जा. ही पायरी सगळे गाळतात. उतरवलेलं घेऊन जा, तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अख्खं. मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. पाच रुपयांचं आलं तेव्हा म्हणाली, हे खोड. मी म्हटलं का गो, आजोबा तर आता नाहीत. म्हणाली, म्हणूनच. मग थोड्या वेळाने, "नको, राहू दे. पण त्याच्याखाली लिही की मीपण त्यांना एक सांगितलं नव्हतं." काय ते विचारलं तर म्हणाली यंत्र कुठाय तुझं. ते मी घरी चार्जिंगला ठेवून आले होते.

वाचून दाखवायला जाल तेव्हासुद्धा रेकॉर्डर बरोबर न्या.